हिशेब कोणत्या फोल्डरमधून आला?

परभणी जिल्ह्यातल्या पाणलोटाच्या कामात पायथन ही संगणकभाषा शिरली ती नकाशांच्या वाटेने. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्यावर राज्य सरकारचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प उभा राहिला. गावागावांत त्याला ‘पोकरा’ म्हणतात. तेव्हा त्यात होते पंधरा जिल्हे, पाच हजारांहून अधिक गावे, आणि त्यात मराठवाड्याचे आठही जिल्हे. शिवारात पडलेल्या पावसातला किती वाहून जाईल, किती मुरेल आणि पिकाला किती कमी पडेल हे काढण्यासाठी आयआयटी मुंबईच्या गटाने या प्रकल्पासाठी जे साधन तयार केले, ते होते क्यूजीआयएस या मुक्त नकाशा-प्रणालीचे प्लगिन. पायथनमध्ये लिहिलेले. पाऊस, मातीचा पोत आणि खोली, जमिनीचा वापर, उतार, पीक असे थर एकावर एक ठेवून ते पाण्याचा ताळेबंद मांडते.

असे साधन एकदा पाहिले की कृषी अभियांत्रिकी शिकलेल्या कुणालाही आपल्या कामापुरते एखादे छोटे प्लगिन लिहावेसे वाटणारच. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि मृद व जलसंधारण हा तिथला शिकवला जाणारा विषय आहे, त्यामुळे हिशेबाची सूत्रे इथल्या मुलांना परकी नाहीत. मुले अडतात ती त्याच्या आधीच. प्लगिन चालू करताच लाल पट्टी येते : अमुक नावाचे मॉड्यूल सापडले नाही. पाण्याचे सूत्र बरोबर, फाइल जागेवर, तरी पायथन म्हणते फाइल नाही.

यावर काय करावे याबद्दल दोन मते आहेत, आणि दोन्ही मतांची माणसे या कामात भेटतात. खालच्या संवादातली दोघे मी त्या मतांसाठी उभी केली आहेत. भाऊ जिंतूर तालुक्यातल्या गावांचे पाणलोट आराखडे करतो. ताई त्याची चुलत बहीण, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, सुट्टीला परभणीला आलेली.

भाऊ : ताई, हे बघ. ही फाइल मी टर्मिनलवर चालवली की चालायली. तीच क्यूजीआयएसमध्ये टाकली की म्हणायलंय रनऑफ नावाचं मॉड्यूल नाही. रनऑफ डॉट पीवाय शेजारीच पडलेली आहे. शेवटी मी वर एक ओळ टाकली, सिस डॉट पाथ डॉट अपेंड, आणि डी ड्राइव्हवरच्या फोल्डरचा पत्ता दिला. झालं काम.

ताई : त्याआधी काय लिहिलं होतंस? डॉट लावून? फ्रॉम डॉट रनऑफ?

भाऊ : होय, प्लगिन बिल्डरनं तसंच दिलं होतं. ते क्यूजीआयएसमध्ये चालत होतं. पण मुख्य फाइल टर्मिनलवरून थेट चालवली की म्हणायचं, मूळ पॅकेज ठाऊक नसताना सापेक्ष इम्पोर्ट केलाय. म्हणून डॉट काढला.

ताई : म्हणजे पायथननं दोन वेळा तुला खरं सांगितलं आणि दोन्ही वेळा तू तिला गप्प केलंस. फाइल थेट चालवलीस की पायथन शोधायच्या यादीत, म्हणजे सिस डॉट पाथमध्ये, सगळ्यात आधी त्या फाइलचं फोल्डर घालते. म्हणून शेजारची रनऑफ सापडते. पण ती फाइल तेव्हा कुठल्या पॅकेजातली आहे हे तिला माहीत नसतं, म्हणून डॉट चालत नाही. क्यूजीआयएसमध्ये उलटं आहे. त्याच्या यादीत असतं ते प्लगिन्स हे वरचं फोल्डर. तुझ्या प्लगिनच्या पोटातलं फोल्डर त्या यादीत नसतं. तिथं तुझं प्लगिन हे एक पॅकेज आहे आणि रनऑफ त्याच्या आतली. डॉट लावला तरच ती सापडणार.

भाऊ : हे मला कळलं तरी फरक काय पडतो? पत्ता दिला, सापडली. पेरणीच्या आधी गावांचे नकाशे द्यायचेत. मंडळ अधिकारी विचारत नाहीत की इम्पोर्ट डॉटनं केला का पाथनं केला.

मला या प्रश्नाचा आदर आहे. पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपनीत कोड हेच काम असते. जिंतूरमध्ये काम असते शेततळे, बांध, नाला खोलीकरण. कोड त्याचे अवजार. अवजार चालले की माणूस पुढे जातो. जुन्या प्लगिनांत असली ओळ जागोजाग दिसण्याला आणखी एक कारण आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत पॅकेजच्या आतून शेजारच्या फाइलचे नुसते नाव घेतले तरी ती सापडत असे. तिसऱ्या आवृत्तीने ती सवलत काढली. क्यूजीआयएस ३.० फेब्रुवारी २०१८ मध्ये आले आणि त्याने पायथनची तिसरी आवृत्ती घेतली, तेव्हा कालपर्यंत चालणारी प्लगिन एका रात्रीत ‘मॉड्यूल नाही’ म्हणू लागली. पुष्कळांनी घाईत पाथची ओळ टाकली आणि पुढच्यांनी ती तशीच उचलली.

ताई : फरक सांगते. तू परवा म्हणालास की कर्व्ह नंबर बदलला तरी उत्तर बदलेना.

भाऊ : हो, ते वेगळं आहे. भारी काळ्या जमिनीला ऐंशी धरला होता, तो पंच्याऐंशी केला. आकडा तोच येतोय.

ताई : वेगळं नाही ते. कुठली फाइल बदललीस?

भाऊ : क्यूजीआयएसच्या प्रोफाइलमधल्या प्लगिन्स फोल्डरातली.

ताई : आणि पाथ कुठला दिलायस?

भाऊ : …डी ड्राइव्ह.

ताई : कन्सोल उघड. रनऑफ इम्पोर्ट कर आणि तिचं डंडर फाइल छापून बघ. पायथन सांगेल ती कुठून आणली.

डंडर फाइल म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेले ‘फाइल’ हे नाव. मॉड्यूल नेमके कोणत्या फाइलमधून आले तो पूर्ण पत्ता त्यात असतो. इम्पोर्टच्या तक्रारीत पहिला प्रश्न हाच विचारायला हवा, असे माझे ठाम मत आहे. बहुतेक जण मात्र तो शेवटी विचारतात, तोवर संध्याकाळ झालेली असते.

आता हा फरक पाण्यात किती होतो ते पाहू, कारण खरे नुकसान तिथे आहे. कर्व्ह नंबरची, म्हणजे पावसातले किती पाणी वाहून जाईल हे काढण्याची, पद्धत अमेरिकेच्या मृदा संधारण खात्याने विसाव्या शतकाच्या मध्यास बसवली आणि आपल्याकडे पाणलोटाच्या अभ्यासात ती सर्रास वापरतात. २५४०० ला कर्व्ह नंबरने भागून २५४ वजा केले की जमिनीची धारणक्षमता मिलिमीटरमध्ये मिळते. पावसातून तिचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उत्तराचा वर्ग करायचा आणि पाऊस अधिक धारणक्षमतेच्या आठ-दशांश या बेरजेने भागायचे. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि नंबर ८० धरला तर वाहून जाणारे पाणी येते १३.८ मिलिमीटर. नंबर ८५ धरला तर १९.६. दोन्हींत ५.८ मिलिमीटरचा फरक, म्हणजे हेक्टरी ५८ हजार लिटर, एका दिवसाच्या एका पावसात. शंभर हेक्टरांच्या ओघळीवर बांध घालायचा असेल तर ५८ लाख लिटर पाणी हिशेबातून गायब. आणि हे सगळे होताना पडद्यावर एकही चूक दिसली नाही. इम्पोर्ट यशस्वी झाला होता.

भाऊ : बरं. जुनी फाइल लागली. पत्ता डी ड्राइव्हऐवजी प्रोफाइलचा देतो, किंवा डंडर फाइलवरूनच पत्ता काढतो. मग तर कुणाच्याही मशीनवर चालेल.

ताई : जुन्या प्रतीचा प्रश्न सुटेल, नावाचा सुटणार नाही. क्यूजीआयएसमधली सगळी प्लगिन एकाच पायथनमध्ये चालतात. एकदा एका नावाचं मॉड्यूल आत आलं की त्याची नोंद सिस डॉट मॉड्यूल्समध्ये राहते. दुसऱ्यानं तेच नाव मागितलं की पायथन पाथ बघतच नाही, नोंदीतलं काढून देते. तुझ्या प्लगिनात युटिल्स नावाची फाइल आहे?

भाऊ : असणारच. सगळ्यांच्यात असते.

ताई : मग दुसऱ्या कुणीही तुझ्यासारखी पाथची ओळ टाकून स्वतःची युटिल्स आधी आणली असेल तर तुला त्याची मिळेल. आज तुझ्या मशीनवर चालेल आणि पूर्णा तालुक्यातल्या मशीनवर नाही, का तर तिथं आणखी एक प्लगिन आहे. हे तू शोधणार कसं? त्याचं मशीन तुझ्याकडं नसणार. डॉट लावलास की तुझ्या युटिल्सचं पूर्ण नाव तुझ्या प्लगिनच्या नावासकट नोंदलं जातं. टक्कर होतच नाही.

भाऊ : रीलोडर पण लावलाय मी. बदल केला की प्लगिन परत लोड होतं.

ताई : प्लगिनच्या फोल्डरातल्या फायली परत लोड होतात. डी ड्राइव्हवरून आलेली रनऑफ क्यूजीआयएस बंद करेपर्यंत जुनीच राहते.

भाऊ यावर थोडा वेळ काही बोलत नाही, असे मी धरतो. पण त्याच्याकडे उत्तर आहे, आणि ते वजनदार आहे.

भाऊ : ताई, तुमच्याकडं काय सांगतात मला माहितीये. पायप्रोजेक्ट डॉट टॉमल लिहा, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट करा. मी केलं ते. टर्मिनलवर सगळं चालायला लागलं. क्यूजीआयएसला त्याचा पत्ताच नाही. त्याचं पायथन वेगळं, पिपनं टाकलं ते वेगळ्याच पायथनमध्ये. मग मी प्लगिनमधूनच पिप चालवायचा कोड टाकला, सिस डॉट एक्झिक्युटेबलला सांगितलं की पिप चालव. काय झालं? क्यूजीआयएसची आणखी एक खिडकी उघडली.

ताई : विंडोजवर उघडते. तिथं सिस डॉट एक्झिक्युटेबल म्हणजे क्यूजीआयएसचा स्वतःचा प्रोग्राम असतो. पायथन शोधायची तर सिस डॉट प्रीफिक्स बघ आणि पिप ओएसजिओफोरडब्ल्यू शेलमधून चालव.

भाऊ : मी चालवेन. तालुक्याच्या ऑफिसातला माणूस चालवेल? त्याच्याकडं अॅडमिनचा पासवर्ड नाही. नेट कधी आहे, कधी नाही. मी त्याला पेन ड्राइव्हवर एक झिप देतो. तो ‘झिपमधून इन्स्टॉल करा’ वर क्लिक करतो. त्याचा पायथनशी तेवढाच संबंध. तुमच्या शहाण्या पद्धतीत या माणसाला जागा कुठंय?

या ठिकाणी मी भाऊच्या बाजूने आहे. पायथनच्या जगात पॅकेज करण्याचे जे शास्त्र आहे ते असे गृहीत धरते की चालवणाऱ्याच्या हातात त्याची पायथन आहे. प्लगिन मात्र दुसऱ्याच्या घरातले भाडेकरू असते. पायथन क्यूजीआयएसची, शोधायची यादी त्याची, सुरुवात कधी करायची तेही तोच ठरवतो. तो आपले फोल्डर उघडतो, इनिट फाइलमधले क्लासफॅक्टरी नावाचे फंक्शन हाक मारून बोलावतो आणि आयफेस हा दुवा हातात देतो. एवढ्या अटींत राहून जे करता येईल तेच उपयोगाचे.

ताई : झिपच दे. मी झिपच्या विरुद्ध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की झिपच्या आतली रचना अशी कर की ती ओळ लागूच नये. पाण्याचा हिशेब आणि क्यूजीआयएसशी बोलणं वेगळं कर. प्लगिनच्या आत कोअर नावाचं फोल्डर कर. त्यात रनऑफ, माती, पीक. त्या फोल्डरात कुठंही क्यूजीआयएस किंवा पायक्यूटी इम्पोर्ट करायचं नाही. कर्व्ह नंबरला नकाशा लागत नाही, दोन आकडे लागतात.

भाऊ : आणि थर वाचायचे ते?

ताई : ते बाहेरच्या फायलीत. त्या थरातून आकडे काढतील, कोअरला देतील, आलेलं उत्तर नकाशावर मांडतील. सगळीकडं डॉट लावूनच. मग टर्मिनलवर तपासायचं असेल तेव्हा प्लगिनच्या वरच्या फोल्डरात जा आणि पायथन डॅश एम लिहून प्लगिनचं नाव, डॉट कोअर, डॉट रनऑफ. फाइल थेट चालवू नको. डॅश एम दिलं की पायथनला पॅकेज कळतं आणि डॉट चालतो.

भाऊ : पण प्लगिनचं नाव घेतलं की त्याची इनिट आधी चालणार. ती मुख्य फाइल मागणार, मुख्य फाइल क्यूजीआयएस मागणार. टर्मिनलवर परत तेच.

ताई : बरोबर पकडलंस. म्हणून मुख्य फाइलचा इम्पोर्ट इनिटच्या वरती लिहायचा नाही, क्लासफॅक्टरी फंक्शनच्या आत लिहायचा. प्लगिन बिल्डरनं तुला तसाच दिला असणार, तू नीटनेटकं दिसावं म्हणून वर नेलास का बघ.

भाऊ : …नेला होता.

हा तपशील छोटा दिसतो, पण सगळी रचना त्यावर उभी आहे. इनिट हलकी राहिली की कोअर कुठेही उघडते : टर्मिनलवर, चाचणीत, उद्या एखाद्या सर्व्हरवर. ती जड झाली की हिशेबाचे साधे सूत्र तपासायलाही अख्खे क्यूजीआयएस लागते, आणि जे तपासायला जड जाते ते माणसे तपासत नाहीत. वर दिलेले १३.८ आणि १९.६ हे दोन आकडे चाचणीत लिहून ठेवले असते तर डी ड्राइव्हची गोष्ट पहिल्याच दिवशी उघड झाली असती.

दोन प्रती ठेवण्याच्या सवयीवरही ताईचा एक उपाय आहे. काम करायचे फोल्डर एकच ठेवावे आणि विंडोजवर एमकेलिंक वापरून त्याची जोडणी प्लगिन्स फोल्डरात करावी —

भाऊ : त्याला अॅडमिन लागतो.

ताई : सिमलिंकला लागतो, जंक्शनला लागत नाही. आणि एमकेलिंकला डॅश चालत नाही, तिरकी रेघ देऊन जे लिही. तेही नको असेल तर क्यूजीआयएसच्या पर्यायांत क्यूजीआयएस-प्लगिनपाथ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल देऊन तुझं फोल्डर दाखव. मग नक्कल करायचीच वेळ येत नाही.

भाऊ : आणि पायचार्ममध्ये सगळं हिरवं दिसतं, बाहेर फुटतं, ते कशानं?

ताई : पायचार्म प्रोजेक्टचं फोल्डर स्वतःहून पायथनपाथमध्ये घालतो. तुझी पाथची ओळ तू स्वतः लिहिलीस, ती निदान दिसते. ही दिसतही नाही. म्हणून एकदा साध्या टर्मिनलवर चालवल्याशिवाय चालतंय म्हणू नये.

बाकीच्या चुका भराभर सांगता येतील. आपल्या फाइलला कॅलेंडर किंवा रँडम असे पायथनच्याच एखाद्या मॉड्यूलचे नाव दिले की ती फाइल थेट चालवताना आपलीच प्रत पुढे येते आणि भलतीकडेच चूक दिसते. ‘मॉड्यूल सापडले नाही’ आणि ‘मॉड्यूलमधून हे नाव आणता येत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरीत मॉड्यूल सापडलेले असते, पण ते जुने असते, किंवा दोन फायली एकमेकींना बोलावत अर्ध्यावर अडकलेल्या असतात. त्या संदेशात ‘अज्ञात ठिकाण’ असे आले तर त्याच नावाचे एखादे रिकामे फोल्डर वाटेत आहे का ते पाहावे, पायथन ३.३ पासून इनिट फाइल नसलेले फोल्डरही पॅकेज म्हणून चालते. आणि क्यूजीआयएस ‘क्लासफॅक्टरी बोलावताना चूक’ असे म्हणाले तर तिथे थांबू नये, खालपर्यंत वाचावे. दोष त्यातल्या ट्रेसबॅकच्या शेवटच्या ओळींत असतो.

एका मुद्द्यावर दोघांचे जमत नाही.

भाऊ : मला तारखांसाठी एक बाहेरची लायब्ररी लागते. शुद्ध पायथनची आहे. ती मी प्लगिनच्या लिब फोल्डरात टाकून झिपमध्येच देणार.

ताई : उद्या त्या लायब्ररीत दोष निघाला तर दुरुस्ती कोण पोचवणार? पिपनं टाकलेली असती तर एका आज्ञेत झाली असती.

भाऊ : पिपनं ती पोचलीच नसती. दोष असलेली पोचलेली बरी का निर्दोष न पोचलेली बरी?

ताई : पाण्याच्या हिशेबात मी दुसरी म्हणेन.

भाऊ : मी पहिली. पण पोचलेलीची जबाबदारी माझ्याकडं ठेवून.

ताई : मग ती लायब्ररी तरी डॉट लावून आण, पाथ वाढवून आणू नको. आणि सी-मध्ये बांधलेलं काही झिपमध्ये घालू नको, दुसऱ्या मशीनवर ते उघडेलच असं नाही. नमपाय क्यूजीआयएसबरोबर येतेच, ती तिथलीच वापर.

भाऊ : मान्य. आणखी एक करतो. प्रत्येक गावाच्या ताळेबंदाखाली एक ओळ छापतो : कोअरची आवृत्ती कोणती, रनऑफ कुठल्या फोल्डरमधून आली, कर्व्ह नंबर किती धरला.

ताई : ती ओळ कृषी सहायक वाचणार नाही.

भाऊ : त्याच्यासाठी नाहीच ती. माझ्यानंतर या टेबलावर जो बसेल त्याच्यासाठी. बांध वाहून गेला आणि त्यानं विचारलं की हा आकडा आला कुठून, तर निदान कागद सांगेल.

ताई : पाथची ओळ?

भाऊ : काढतोय. काढली की जिंतूरच्या फायलींत आणखी काय काय बंद पडतंय ते आजच बघू. तू जायच्या आत.